फोनसाठी वेगळी पाटी

पहिलीच्या बाईंना नावाने हाक मारणारं माणूस आता गल्लीत उरलेलं नव्हतं. नवरा 'अगं' म्हणायचा आणि बाकी दुनिया 'पहिलीच्या बाई'. बँकेत गेल्या की काचेपलीकडचा टकलू कॅशियर खुर्चीवरून अर्धा उठायचा. बाई त्याची सही निरखून म्हणायच्या, "अजून रेघेखाली घसरतोस तू." आणि तो नातवंडं असलेला माणूस कानापर्यंत लाल व्हायचा. कचरागाडीचा ड्रायव्हर, बेकरीतली गल्ल्यावरची मुलगी, चौकीतला हवालदार, या सगळ्यांची मूठ कधी ना कधी बाईंच्या मुठीत गेलेली होती.

ती त्यांची पद्धत होती. पोराच्या मागे उभं राहायचं, वाकायचं, त्याची इवलीशी मूठ पेन्सिलीसकट आपल्या हातात घ्यायची आणि गिरवायचं. "अक्षर डोळ्यांनी शिकत नाहीत, मनगटाने शिकतात," असं त्या म्हणायच्या, आणि ज्याला पटत नसे त्याला पटेपर्यंत म्हणायच्या. हेडमास्तर आले आणि गेले. दोघा-तिघांनी त्यांना वरच्या वर्गावर पाठवायचं मनावर घेतलं. बाईंनी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "वरती काय, तयार भिंतीला रंग मारायचा. पाया इथं घालतात." वरच्या वर्गांवरच्या शिक्षकांना हे वाक्य आवडत नसे. बाई ते मुद्दाम शिक्षकांच्या खोलीत, चहा चालू असताना म्हणत.

राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर राहायला होता. आणि 'चुकलं' हा शब्द त्या पोरांना लिहायला शिकवायच्या, पण स्वतः कधी वापरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. खडू मोडला तर खडू वाईट. चहा उतू गेला तर गॅस हलकट. नवरा म्हणायचा, "लग्न झालं तेव्हापासून या घरात एकच माणूस चुकतंय." बाई म्हणायच्या, "मग सुधारा की."

तर अशा बाईंच्या आयुष्यात ती साथ आली. शाळा बंद झाली, सगळं जग दाराला कडी लावून बसलं, आणि मग कधीतरी वरून हुकूम आला की शाळा उघडा, पण पूर्ण उघडू नका.

अर्धवट गोष्टी हा हेडसरांचा आवडता प्रांत. हेडसर तसे भले माणूस, पण त्यांना शाळेपेक्षा योजना जास्त आवडत. त्यांनी सगळ्या शिक्षकांना अंगणात लांब लांब उभं केलं आणि मास्क हनुवटीवर ओढून जाहीर केलं, "संतुलन! आपली शाळा दोन्ही पायांवर चालेल. ज्यांच्या घरी फोन आहे ती मुलं घरी, ज्यांच्याकडे नाही ती शाळेत. समोर बाक, बाजूला स्टँडवर फोन, मध्ये शिक्षक. एकाच वेळी दोघांना शिकवायचं. एका दगडात दोन पक्षी!"

"आणि दगड कोण?" पहिलीच्या बाईंनी विचारलं.

बाकीचे हसले. हेडसर हसले नाहीत. त्यांनी फक्त पुढचं वाक्य बाईंकडे बघून म्हटलं. "ज्यांना फोन झेपणार नाही त्यांनी मोकळेपणाने सांगावं. त्यांना पुस्तकांच्या खोलीचं काम देऊ. पहिली आणि दुसरी दोन्ही दुसरीच्या बाई बघतील."

पुस्तकांची खोली म्हणजे जिन्याखालची अंधारी कोठडी. तिथे जुनी पुस्तकं होती, वाळवी होती, आणि निवृत्तीला टेकलेल्या शिक्षकांना तिथे पुस्तकांचे गठ्ठे इकडून तिकडे करायला बसवायचे. बाईंच्या आधीचे चित्रकलेचे सर तिथे गेले ते थेट निरोप समारंभालाच बाहेर आले. बाईंना आयुष्यात दुसरी कसलीच भीती नव्हती. पहिलीचा वर्ग हातचा जाणार, ही एक मात्र त्या दिवशी मनात शिरली.

"फोनचं काय एवढं," बाई म्हणाल्या. "लोकांच्या शेंबड्या पोरांना येतो."

दुसरीच्या बाई कोवळ्या होत्या, चटपटीत होत्या, आणि त्यांचा स्वभाव खरंच चांगला होता. बाईंना त्याचाच जास्त राग यायचा. त्या स्टँड घेऊन आल्या, फोन लावून दिला, दोन बटणं दाखवली आणि म्हणाल्या, "बाई, अजून एक गंमत आहे यात, ती सांगून ठेवते. आपल्याला जे दिसतं ना—"

"मला येतं."

"नाही, म्हणजे फळ्यावर लिहाल तेव्हा—"

"अगं, मी फळ्यावर लिहायला लागले तेव्हा तुझी आई दुधाच्या दातांची होती. ये तू."

दुसरीच्या बाई गेल्या. ती गंमत त्यांच्याबरोबर गेली.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी, रिकाम्या खोलीत, बाईंनी रंगीत तालीम घेतली. फोनचा काचेचा तोंडवळा स्वतःकडे केला, पाटीवर ठसठशीत 'ग' काढला आणि फोनसमोर धरला. पडद्यावर बाई दिसल्या, पाटी दिसली, आणि 'ग' उलटा दिसला. दांडा भलत्याच हाताला. बाईंनी पाटी पुसली, पुन्हा काढला. पुन्हा उलटा. 'घर' लिहून पाहिलं, तर 'र' आधी आणि 'घ' नंतर, आणि दोघंही एकमेकांशी भांडून पाठ फिरवून बसलेले.

बाईंना घाम फुटला. हे यंत्र अक्षरं उलटी करतंय, पोरं घरी बसून उलटी अक्षरं बघणार, हेडसर बघणार, आणि मग जिन्याखालची खोली. दुसरीच्या बाईंना विचारावं? विचारणं म्हणजे खोलीची किल्ली आपण होऊन मागून घेणं. पहिला दिवस त्यांनी नुसती गाणी आणि गोष्टींवर मारून नेला आणि दुपारी तरातरा घरी आल्या.

आता इथे बाईंचा नवरा सांगितला पाहिजे. तो छापखान्यात कंपोझिटर होता. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, त्या काळातला. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं उमटतं. त्यामुळे त्याने उमेदीची अख्खी वर्षं उलटी अक्षरं वाचण्यात घालवली होती, आणि वर्तमानपत्र तो सुलटं, उलटं, टेबलापलीकडून, कसंही वाचायचा. मग कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले, आणि एका दुपारी मालकाने त्याला शाल देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून त्याची ती विद्या आणि ती शाल, दोन्ही कपाटात घडी घालून पडली होती.

बायकोची हकिगत ऐकून तो खुर्चीत ताठ झाला. "उलटं दिसतंय? एवढंच ना? मग तू उलटं लिही. म्हणजे सुलटं दिसेल."

"असं कसं?"

"अगं, आम्ही जन्मभर काय केलं? शेवटचं अक्षर आधी धरायचं. दांडा आधी, पोट नंतर. आण पाटी."

आणि ज्या बाईंनी पिढ्यान् पिढ्यांची मूठ धरली, त्यांची मूठ धरून त्यांचा नवरा त्यांना उलटा 'ग' गिरवायला शिकवू लागला. दुपारमागून दुपार ते चाललं. तो खूश होता. "वळव, वळव, डावीकडे पोट काढलंस तर मालक पगार कापेल." बाई म्हणायच्या, "तुमचा मालक गेला खड्ड्यात." पण शिकल्या. हट्टाला पेटल्या की त्या काहीही शिकत. थोड्याच दिवसांत त्या पाटीवर असं झरझर उलटं लिहू लागल्या की कंपोझिटरने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "तू छापखान्यात असतीस ना, तर मालकाने मला आधीच घरी बसवलं असतं."

वर्गात आता दोन लिखाणं सुरू झाली. भिंतीवरच्या फळ्यावर सुलटं, बाकांवरच्या मुलांसाठी. हातातल्या पाटीवर उलटं, फोनसाठी. पाटी फोनसमोर धरली की बाईंना पडद्यावर अगदी देखणं, सरळ अक्षर दिसायचं. बाईंचा जीव थंड व्हायचा. एकदा एका बाकावरच्या पोराने मान वाकडी करून पाटीत डोकावलं आणि ओरडलं, "बाई, उलटं!"

"ते फोनसाठी आहे. तुझं लक्ष फळ्यावर."

पोराने शेजाऱ्याला मास्कमधून सांगितलं की फोनमधल्या मुलांची अक्षरं वेगळी असतात. शेजाऱ्याला ते पटलं. फोनमधल्या मुलांची खेळणीही वेगळी होती, डबेही वेगळे होते, मग अक्षरांनी काय घोडं मारलं होतं?

दुसरीच्या बाईंना जी गंमत सांगायची होती ती एवढीच होती, की आपल्या पडद्यावर आपण आरशात दिसतो तसे दिसतो. समोरच्याला सगळं जसं आहे तसंच दिसतं. म्हणजे बाई साधं सुलटं लिहित्या तरी घरच्या मुलांना सुलटंच दिसलं असतं. आणि बाई एवढा जीव काढून जे उलटं लिहीत होत्या ते घरोघरी इमानदारीत उलटं पोचत होतं.

हे इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं नंतर सगळ्यांनी एकमेकांना विचारलं. खरी गोष्ट अशी की सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. औषधांच्या दुकानाच्या मालकाला पहिल्याच दिवशी दिसलं. त्याला वाटलं, आपला फोन बिघडला. तो दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्याने फोन उघडला, फुंकर मारली, पैसे घेतले आणि म्हणाला, "आता बघा." वकिलाने दुसरा फोन घेतला, आणि तोही उलटाच दाखवतोय म्हटल्यावर मूग गिळून बसला, कारण तो फोन त्याने ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून फुकट घेतला होता. एका आईने शक्कल लढवली, फोन आरशासमोर धरून पोराला आरशात बघायला लावलं. त्या घरातलं पोर तेवढं सरळ लिहायचं, पण शाळा आरशाच्या आत भरते असं त्याचं मत झालं. शेजाऱ्याला विचारायला कुणी गेलं नाही. कारण विचारलं असतं तर शेजारी म्हणाला असता, "आमच्याकडे तर नीट दिसतं." आणि आपला फोन हलका निघण्यापेक्षा पोराचा 'ग' उलटा निघालेला परवडला.

हेडसर स्वतःच्या खोलीत बसून फोनवर वर्ग बघायचे. त्यांनीही पाहिलं. त्यांना वाटलं, चष्म्याचा नंबर. शिक्षणखात्यातल्या मोठ्या साहेबांना त्यांनी तोच वर्ग दाखवला, साहेबांनीही पाहिलं, आणि साहेबांना वाटलं ही काहीतरी नवीन पद्धत असणार, आपण प्रशिक्षणाला डुलकी काढली तेव्हा सांगितली असेल. साहेब म्हणाले, "उत्तम." हेडसर म्हणाले, "हो ना."

राहिला गृहपाठ. आईबाप पोरांच्या वह्यांचे फोटो पाठवायचे, त्यात सगळं उलटं. पण बाईंची आता खात्रीच होती की हे यंत्र सगळंच उलटं करतं, तेव्हा फोटो उलटे असणारच. त्या फोन नवऱ्याकडे सरकवायच्या, "बघा हो, तुमच्या भाषेत आहे." आणि कंपोझिटर न अडखळता वाचायचा. "ही औषधवाल्याची पोर काय सुंदर काढते गं! वळण बघ. शाबास लिही."

बाई शाबास लिहायच्या.

पुढे साथ जरा ओसरली आणि हेडसरांच्या डोक्यात आलं की एका दिवसासाठी दोन्ही गट एकत्र बोलवावेत. अंगणात, मोकळ्या हवेत, पालकांसमोर. एका बाजूला मोबाइल गट, एका बाजूला बाक गट. त्यांच्या मनात होतं ते त्यांनी तोंडाने म्हटलं नाही, पण पालकांनी बरोबर ओळखलं. फोनवाल्या घरांची पोरं किती पुढे गेली हे एकदा सगळ्यांना दिसावं. मोबाइल गटाचे आईबाप इस्त्री करून आले. बाक गटाचे जे कामावरून सुटले तेवढेच आले आणि भिंतीला टेकून राहिले.

अंगणात फळा आणला. हेडसर म्हणाले, "प्रत्येकाने 'घर' लिहायचं. सोपं आहे."

आधी बाक गट. ऑफिसं झाडायला जाणाऱ्या बाईची मुलगी पुढे आली. हिला सगळे लवंगी म्हणायचे, मिरचीवरून. तिने दोन पायांच्या चवड्यांवर उभं राहून 'घर' लिहिलं, खडू ठेवला, आणि कुणी काही म्हणायच्या आत मागे जाऊन उभीही राहिली. तिची आई भिंतीला टेकून होती, ती नुसती मान हलवून राहिली.

मग मोबाइल गट. औषधवाल्याची मुलगी आली. रिबिनी, पांढरे मोजे. तिने आधी 'र' काढला, मग 'घ'चा दांडा, मग त्याच्या उजवीकडे पोट, आणि सुंदर वळणाचं, घोटीव, पूर्ण उलटं 'घर' लिहिलं. आणि टाळ्यांसाठी वळली.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

"होतं असं, घाबरली असेल," हेडसर म्हणाले. "पुढचा."

पुढच्याने उलटं लिहिलं. त्याच्या पुढच्याने उलटं लिहिलं. वकिलाच्या मुलाने इतकं बिनचूक उलटं लिहिलं की त्याच्या बापाने मान खाली घातली. आरशातलं पोर तेवढं सरळ लिहून गेलं, तर त्याची आई म्हणाली, "हा घाबरला बहुतेक." फळा भरला. डावीकडे एक जग, उजवीकडे दुसरं.

बाई फळ्याजवळच उभ्या होत्या. आधी त्यांना नेहमीप्रमाणे खडूचा राग आला. मग फळ्याचा. मग पोरांचा. मग त्यांची नजर समोरच्या अक्षरावरून फिरली आणि त्यांना त्यात आपल्या हाताचं वळण दिसलं. पोटाचा तो गोल, दांड्याच्या टोकाची ती हलकी ठिणगी. ही अक्षरं दुसऱ्या कुणी शिकवलेली नव्हती. फोन काहीच उलटं करत नव्हता. उलटं त्या करत होत्या, रोज, हौसेने, नवऱ्याची शिकवणी लावून.

हेडसर त्यांच्याजवळ सरकले. त्यांनाही काहीतरी उमजलं होतं, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "बाई, तुम्ही एक अक्षर बोलू नका. मी सांभाळतो. वर्ग मी पाहिलाय, साहेबांनी पाहिलाय, उत्तम म्हणाले आहेत. आपण म्हणू, घरी पालकांचं लक्ष कमी पडलं. मुलं कच्ची राहिली. तुमची पहिली तुमच्याकडेच राहील."

बाईंनी मान हलवली. हो, पुस्तकांची खोली त्यांना त्या क्षणी दिसली, वाळवीसकट. नुसतं गप्प राहायचं होतं. आयुष्यात त्यांना कधी कुणी एवढं सोपं काम सांगितलं नव्हतं.

"पालकांनो," हेडसरांनी सुरू केलं, "आम्ही आमच्या बाजूने शंभर टक्के दिलं. परंतु घरी बसून काही मुलं स्वभावतःच—"

एवढ्यात चपराक वाजली. औषधवाल्याने मुलीच्या गालावर मारली होती. "सगळ्यांदेखत लाज आणलीस! झाडूवालीची पोर सरळ लिहिते आणि तुला एवढं येत नाही? ढ आहेस, ढ!" मुलगी रडली नाही. तिने फळ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "बाईंनी असंच शिकवलं."

"खोटं बोलतेस वर?" बापाचा हात पुन्हा उठला.

"खाली घ्या तो हात!" बाईंचा आवाज अंगणातून रस्त्यावर गेला. "अजिबात हात लावायचा नाही तिला. खोटं नाही बोलत ती. मीच शिकवलंय."

"बाई," हेडसर म्हणाले.

"तुम्ही थांबा, सर. हे बघा, मी रोज पाटीवर उलटं लिहून फोनपुढे धरलं. मला वाटलं फोन उलटं करतो. विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही. ही पोरं ढ नाहीत. मी दाखवलं ते या सगळ्यांनी जसंच्या तसं उचललं, एका रेघेचा फरक नाही. माझं—" इथे त्या अडकल्या. शब्द साधा होता, पोरांना लिहायलाही सोपा. "माझं चुकलं."

कंपोझिटर फाटकाशी डबा घेऊन उभा होता. त्याने आजूबाजूला बघितलं, दुसऱ्या कुणी ऐकलं का म्हणून.

मग जे व्हायचं ते झालं. इस्त्रीतले लोक बोलायला लागले. "एवढे दिवस?" "आमच्या मुलांचं वर्ष?" वकील कायद्याचं बोलला. बाई म्हणाल्या, "आणि तुम्हाला दिसत नव्हतं का हो? रोज मांडीवर फोन घेऊन बसायचात ना?" त्यावर मात्र प्रत्येकाने आपापला फोन खिशात खोल सारला.

हेडसरांची अडचण मोठी होती. बाईंना काढावं तर लेखी कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं की कुणीतरी विचारणार, तुम्ही वर्ग बघत होता ना? न काढावं तर वकील. शेवटी त्यांनी आपल्या आवडत्या शब्दाचा आधार घेतला. संतुलन. नवी योजना आली. पहिली दुसरीच्या बाईंकडे. ज्यांना सरळ लिहिता येतं त्या हुशार मुलांना बक्षीस म्हणून, एका दानशूर माणसाने दिलेले फोन मिळतील आणि त्यांनी घरी बसून शिकायचं. उलटं लिहिणाऱ्यांचा कच्चा गट. त्यांनी रोज शाळेत यायचं, व्हरांड्यात, उघड्यावर, अंतर राखून. आणि त्यांना कोण शिकवणार? ज्यांनी बिघडवलं त्यांनीच. शिक्षा म्हणून. खाली ठळक ओळ होती की संबंधित शिक्षिकेला कोणत्याही परिस्थितीत फोन देऊ नये.

बाईंनी हुकूम वाचला, घडी घातली. "नक्की का, सर? फोन अजिबात नाही?"

"अजिबात नाही. कडक शिक्षा आहे बाई ही. नाइलाज आहे माझा."

"सोसेन," बाई म्हणाल्या.

व्हरांड्यातली सुरुवात काही सोपी गेली नाही. पोरं ऐकेनात. औषधवाल्याची म्हणाली, "तुम्ही नाही. फोनमधल्या बाईंनी दांडा इकडे सांगितलाय."

"अगं, मीच ती."

"त्या मोठ्या नव्हत्या एवढ्या."

मूठ धरायची तर अंतराचा नियम. हेडसर खिडकीतून बघत असायचे. मग बाईंनी जुन्या नकाशाची लांब काठी आणली. एक टोक पोराच्या हातात, दुसरं आपल्या, आणि खाली अंगणातल्या मातीत अक्षर. बाई आपल्या टोकाला वळवायच्या, ते वळण काठीतून पोराच्या मनगटात उतरायचं. अक्षरं घोंगडीएवढी व्हायची. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. हळूहळू दांडे जागेवर आले. कुणाचा सोमवारी आला, कुणाचा आठवड्याने, आणि ज्याचा आला त्याला बाई हेडसरांना कळू न देता तसाच व्हरांड्यात ठेवून घ्यायच्या. पुढची अक्षरं कोण शिकवणार, तो फोन?

तिकडे हुशार मुलं घरी बसली होती. लवंगीच्या आईला पोर एकटी खोलीत ठेवून कामावर जावं लागत होतं. बक्षिसाचा फोन कधी चार्ज नसायचा, कधी त्यात कार्टून चालायचं, कधी शेजारचा मोठा पोरगा तो खेळायला घेऊन जायचा. आणि समोर व्हरांड्यात कच्ची पोरं रोज शाळेत जातात, मातीत लोळतात, मोठमोठ्याने पाढे म्हणतात.

एका सकाळी पाववाल्याचा मुलगा आला. हुशार गटातला. बापाने हेडसरांना सांगितलं, "सर, हा बिघडला." पोराने पाटीवर उलटं 'घर' लिहून दाखवलं. हेडसरांनी हुकूम बघितला. उलटं लिहिणाऱ्याने रोज शाळेत यायचं. त्यांचाच होता. पोर व्हरांड्यात आलं. दोन दिवसांनी गवंड्याच्या जुळ्या आल्या, दोघी बिघडलेल्या. मग भाजीवालीचा. उलटं कसं लिहायचं हे आता गल्लीभर झालं होतं, रात्री जेवण झालं की आईबाप पोरांना घेऊन उलटा 'ग' घोटवत होते.

"बाई, हा गट वाढतोच कसा?" हेडसर काकुळतीला आले. "कमी व्हायला हवा ना!"

"साथ आहे, सर," बाई म्हणाल्या. "पसरते."

दुसरीच्या बाई पहिलीच्या फोनसमोर एकट्या शिकवत होत्या. त्यांना सगळं दिसत होतं. एकदा जाता जाता त्या पहिलीच्या बाईंना म्हणाल्या, "बाई, माझ्या दुसरीतलेपण बिघडवू का थोडे?"

"विचारून काय करतेस," बाई म्हणाल्या. "मी तरी कुठे विचारलं होतं?"

मग लवंगी आली. आई तिला हाताला धरून आली होती, कामाच्या कपड्यांत, घाईत. हेडसर आता प्रत्येकाची परीक्षा स्वतः समोर उभं राहून घेत होते. त्यांना संशय होताच.

"हिने तर सगळ्यांदेखत सरळ लिहिलं होतं," ते म्हणाले.

"तेव्हा येत होतं साहेब," आई म्हणाली. "तुमच्या फोनने घालवलं."

लवंगीने पाटी घेतली. अंगणात भरलेल्या त्या फळ्यावर तिने एकदाच पाहिलं होतं तसं तिने 'र' आधी काढला, मग 'घ'. पण पाठ नीट झालं नव्हतं. 'र' उलटा आला, आणि 'घ' सवयीने सरळच येऊन बसला. चूक चुकली होती. तिला ते कळलं. तिने मान वर केली नाही. तिच्या आईने ओठ दाबले आणि घड्याळाकडे पाहिलं.

हेडसर पाटीवर वाकले. "बाई, हा 'घ' सरळ आहे."

बाईंनी पाटी हातात घेतली. जन्मभर त्यांनी एकाही पोराच्या सरळ अक्षराला वाकडं म्हटलं नव्हतं, आणि वाकड्याला सरळ म्हटलं नव्हतं. बँकेतल्या माणसाची सही त्या अजून सोडत नव्हत्या. त्यांनी पाटी दूर धरली, जवळ धरली, चष्मा वर केला.

"सरळ?" त्या म्हणाल्या. "सर, एक अक्षर उलटं आणि एक सुलटं? उलट्यांचं निदान ठरलेलं तरी असतं. हिचं तर कशालाच धरबंध नाही. कच्च्यातली कच्ची आहे ही. हिला रोज यावं लागेल. रविवार सोडून."

हेडसरांनी पाटीकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग व्हरांड्यात दाटीवाटीने अंतर राखून बसलेल्या पोरांकडे. "ठीक आहे," ते म्हणाले आणि आत गेले.

आई केव्हाच फाटकाबाहेर पडली होती.

"बस त्या खांबाशी," बाई लवंगीला म्हणाल्या. "आणि उद्यापासून 'र' असा काढलास तर बघ."